खंजिरीवरचे शब्द : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पदरचनेचा विचार

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली आणि २००५ साली त्याच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव समाविष्ट करण्यात आले. नागपूर शहरात मानेवाडा मार्गावर त्यांच्या पुतळ्याचा चौक आहे, त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. विद्यापीठात त्यांच्या विचारधारेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालतो. ‘विचारधारा’ हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. विदर्भात तुकडोजी महाराजांवर झालेले बहुतेक लेखन त्यांच्या विचारांवर आहे. ग्रामविकास, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धानिर्मूलन, स्त्रीशिक्षण, सर्वधर्मसमभाव असे विषय घ्यावेत, प्रत्येक विषयाखाली ‘ग्रामगीते’तील ओव्या पुराव्यादाखल द्याव्यात आणि त्या आजही उपयुक्त असल्याचे दाखवावे, अशी या लेखनाची रूढ पद्धत आहे. हे कार्य अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या पद्धतीत एक मूलभूत गोष्ट निसटते. ‘ग्रामगीता’ सिद्ध झाली ती १९५५ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्यापूर्वी किमान दोन दशके वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांतील माणसे त्यांना ओळखत होती ती ग्रंथकार म्हणून नव्हे. हातात खंजिरी घेऊन स्वतःची पदे स्वतः गाणारा भजनकार, ही त्यांची पहिली आणि दीर्घकाळची ओळख होती.

या भजनकाराचा, त्याच्या रचनेचा आणि त्याच्या वाद्याचा एकत्र विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. तो न केल्यामुळे दोन परस्परविरोधी अन्याय होतात. भक्तमंडळी प्रत्येक पदाला सारखेच थोर मानतात, तर साहित्याचे इतिहासकार सर्वच पदांना ‘प्रबोधनपर रचना’ या एका कप्प्यात टाकून पुढे जातात. दोन्ही पक्ष पदे वाचतात. ती कशी वाजत होती हे विचारत नाहीत.

जीवन आणि वाद्य

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शालेय शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. माणिकाचा ‘तुकड्या’ झाला तो गुरूंच्या सहवासात, आणि पुढे हेच नाव ‘तुकड्यादास’ या मुद्रेच्या रूपाने त्यांच्या पदांच्या अखेरीस येऊ लागले. भाकरीचा तुकडा मागून खाणारा, हा त्या नावातील अर्थ. खंजिरी हे वाद्यही त्याच जगातले आहे. भटक्या बैराग्याच्या झोळीत मावेल, एका हातात राहील, सुरात लावत बसावे लागणार नाही असे ते वाद्य. लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या लहान चकत्या. डाव्या हाताने ते धरावे, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवावे. थाप आणि किणकिण हे दोन आवाज त्यातून एकाच वेळी निघतात, म्हणजे मृदंग आणि टाळ ही दोन्ही कामे एकटा माणूस करू शकतो.

वारकरी भजनाशी तुलना केल्यास या वैशिष्ट्याचा अर्थ स्पष्ट होतो. तेथे पखवाज, वीणा, टाळकरी अशी मंडळी लागते. गायन हे मुळातच समूहाचे असते. कीर्तनकाराला साथीदार असतात, त्याचे हात अभिनयाला मोकळे असतात आणि तो गाणे थांबवून दृष्टान्त सांगू शकतो. अमरावती जिल्ह्यातीलच गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या कीर्तनाचे सामर्थ्य श्रोत्यांशी चाललेल्या प्रश्नोत्तरात होते. त्यांनी स्वतःची पदरचना मागे ठेवली नाही. खंजिरी भजनकाराचे तसे नसते. त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. खंजिरीतून सूर निघत नाही, त्यामुळे चालीचा सगळा भार गळ्यावर पडतो. ठेका सोडला की गाणे खाली पडते, म्हणून त्याला मध्येच थांबून विवरण करता येत नाही. जे सांगायचे ते पदाच्या आत, ठेक्याच्या चौकटीत, एका श्वासात मावेल एवढ्या तुकड्यांत सांगावे लागते. तुकडोजी महाराजांच्या शब्दकळेतील अनेक गुणदोष या सक्तीतून आले आहेत.

एका माणसाने एका वाद्यावर स्वतःची गीते गात गावोगाव फिरावे, ही परंपरा जगात अन्यत्रही आढळते आणि तिची तेथील दखल आपल्याला उद्बोधक वाटावी अशी आहे. क्यूबा बेटाच्या पूर्वेकडील सान्तियागो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘त्रोव्हा’ नावाची गीतपरंपरा उदयास आली. तिचा आद्य मानला जाणारा पेपे सान्चेस (१८५६–१९१८) हा पेशाने शिंपी होता. स्वरलेखन त्याला येत नव्हते. त्याच्या हाताखाली शिकलेला सिन्दो गाराय १८६७ मध्ये जन्मला आणि १९६८ मध्ये, तुकडोजी महाराजांच्याच मृत्युवर्षी, शंभरी ओलांडून वारला. त्याचेही संगीतशिक्षण रीतसर झालेले नव्हते. गिटार घेऊन त्याने शेकडो गीते रचली आणि गायिली. क्यूबातील अभ्यासक त्याच्या गीतांचा विचार करताना शब्द, चाल आणि गिटारवरचे हात या तीन गोष्टी वेगळ्या करीत नाहीत. गिटारमधून सुरावटींची जोड मिळते, म्हणून सिन्दोचे गीत नाजूक वळणे घेऊ शकते. खंजिरीत ती सोय नाही, म्हणून तुकडोजींचे पद ठोस आणि थेट होते. हा फरक प्रतिभेचा कमी आणि वाद्याचा अधिक आहे. गुणवत्तेची तुलना येथे अभिप्रेत नाही. विचारण्याची पद्धत मात्र घेण्याजोगी आहे.

तीन चरण आणि एक मुक्काम

‘या झोपडीत माझ्या’ हे त्यांचे पद मराठी वाचकाला शाळकरी वयापासून ठाऊक असते. महाल आणि झोपडी यांतील विरोध हा त्याचा विषय आहे आणि आशय म्हणून तो नवा नाही. गरिबीतील समाधानाचे गुणगान संतवाङ्मयात पुष्कळ आहे. पदाची रचना मात्र बारकाईने पाहावी अशी आहे. प्रत्येक कडव्यात चार खंड आहेत. पहिले तीन एकाच यमकाने बांधलेले आणि चौथा खंड हे ध्रुवपद. प्रत्येक खंड बारा मात्रांचा, ‘गागालगा लगागा’ या वजनाचा. दोन खंड मिळून होणारी ओळ म्हणजे मराठी गझलेत पुढे अतिशय रूढ झालेले आनंदकंद वृत्त होय. मराठी गझलेचा विचार करताना या पदाची आठवण फारशी कोणी काढीत नाही, ही गोष्टही बोलकी आहे.

तीन वेळा एकच यमक ऐकल्यावर श्रोत्याच्या कानात चौथ्याची अपेक्षा तयार होते आणि त्या जागी ध्रुवपद येते. ते यमकात बसत नाही, पण वजनात तंतोतंत बसते. म्हणजे प्रत्येक कडवे महालातून निघते आणि झोपडीत येऊन थांबते. महालाच्या बाजूला पहारे आहेत, तिजोऱ्या आहेत, मऊ बिछाने आणि शामदाने आहेत. या सर्व वस्तूंची रांग यमकाच्या साखळीत अडकवलेली आहे. झोपडी त्या साखळीच्या बाहेर आहे. आशयातील विरोध असा रचनेतच बसवलेला असल्यामुळे त्यावर भाष्य करण्याची गरज उरत नाही. हे पद उपदेशपर आहे, पण त्यात उपदेशाचे एकही वाक्य नसल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे. श्रोत्यांचा समूह ध्रुवपद उचलतो तेव्हा झोपडी गायकाची राहत नाही; ‘माझ्या’ या शब्दाचा मालक बदलतो. कागदावर वाचताना हा बदल घडत नाही.

या रचनेचा एक धागा थेट ‘ग्रामगीते’पर्यंत जातो. ‘ग्रामगीते’त ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. ग्रंथाची ओवी ही जुनी ग्रांथिक ओवी आहे : पहिले तीन चरण यमकबद्ध, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. झोपडीच्या पदातील कडवे आणि ‘ग्रामगीते’ची ओवी यांचा सांगाडा असा एकच आहे. फरक चौथ्या चरणाच्या कामात आहे. पदात तो ठरलेला, परत परत येणारा मुक्काम असतो. ओवीत तेथे दरवेळी नवा निष्कर्ष मांडला जातो. गाण्यात श्रोता चौथा चरण स्वतः म्हणतो, ग्रंथात तो त्याला सांगितला जातो. भजनकार आणि ग्रामोपदेशक ही महाराजांची दोन रूपे या एका चरणाच्या फरकात दिसतात. ‘ग्रामगीते’चे सामुदायिक वाचन गावोगाव होते आणि ते वाचनही लयीतच चालते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ग्रंथ आणि गाणे यांच्यामध्ये अभ्यासकांनी उभी केलेली भिंत किती पातळ आहे हे कळते.

त्यांची दुसरी आवडती रचनापद्धत यादीची आहे. भक्तीवाचून देवाला आळवणाऱ्याची थट्टा करणारे ‘मनी नाही भाव’ हे पद घ्यावे. त्यात निरनिराळ्या पदार्थांचे देव येतात आणि ज्या गोष्टीने तो पदार्थ नष्ट होतो किंवा हरवतो त्या गोष्टीचे भय त्या देवाला चिकटवले जाते. मातीला पाण्याचे, लाकडाला आगीचे, सोन्याला चोराचे. युक्ती एकच, पण प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर श्रोता उत्तर आधीच ओळखू लागतो आणि हसतो. या पदात कोणीही एखादे कडवे घालू शकतो. त्यामुळेच ते लोकगीतासारखे पसरले. गाणाऱ्या पुष्कळांना ते कोणाचे आहे हेही ठाऊक नसते. रचनाकाराचे नाव पुसले जाणे हे एरवी नुकसान मानले जाईल. ‘तुकड्या’ हे नाव घेणाऱ्या कवीच्या बाबतीत तसे मानावे का, हा प्रश्न आहे.

१९४२

यादीच्या याच पद्धतीने रचलेल्या एका हिंदी पदाचा संबंध १९४२ च्या चळवळीशी जोडला जातो. झाडे शस्त्रे होतील, दगड बाँब होतील अशा आशयाचे हे पद आहे. शांतपणे वाचले तर त्यातील कल्पना भाबडी वाटते. परंतु ज्या श्रोत्यांकडे झाडे आणि दगड यांखेरीज काही नव्हते त्यांच्यासमोर, खंजिरीच्या चढत्या ठेक्यावर, हाताशी असलेल्या वस्तूंची ही यादी काय करीत असेल याचा अंदाज बांधता येतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे उद्रेक झाला; सरकारी अधिकारी मारले गेले, त्यापाठोपाठ लष्कराकरवी गावावर जुलूम झाले. आष्टी, यावली, बेनोडा येथेही लोक उठले होते. २८ ऑगस्ट रोजी तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. त्यांना प्रथम नागपूरच्या आणि नंतर रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि डिसेंबरच्या आरंभी सोडण्यात आले.

चरित्रग्रंथांत या घटनांचे वर्णन अभिमानाने येते. पण समीक्षेच्या दृष्टीने येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळला जातो. हा कवी १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्राम येथे सुमारे महिनाभर राहिलेला होता. त्याच्या पदातील दगड हे रूपक होते, की सूचना? पद कागदावर असते तर रूपक म्हणून सुटका झाली असती. गायिलेल्या पदाला ती मोकळीक नसते. ते ज्या क्षणी आणि ज्यांच्यासमोर गायिले जाते त्यांच्या हातात त्याचा अर्थ जातो. महाराजांनी हिंसेला चिथावणी दिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते पद निव्वळ आध्यात्मिक होते असे म्हणणे त्या पदाच्या सामर्थ्याचा अपमान होईल. शासनाने भाषणाइतकेच भजनही धोक्याचे मानले, हा त्या सामर्थ्याला मिळालेला एक विलक्षण अभिप्राय म्हणावा लागेल.

दोन भाषा

हे पद हिंदीत का होते? याचे उत्तर ‘राष्ट्रभाषेचा प्रसार’ असे सरधोपटपणे दिले जाते. त्यापेक्षा भूगोल अधिक सांगतो. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे, व स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. या प्रांतात मराठी आणि हिंदी बोलणारे जिल्हे एकत्र नांदत होते. नागपूरच्या तुरुंगातून कैद्याला रायपूरला हलवणे ही त्या काळी प्रांतातल्या प्रांतातली बाब होती. नागपूर-वऱ्हाडच्या बोलीत हिंदीचे शब्द सहज मिसळतात. झोपडीच्या मराठी पदातील ‘शामदाने’ हा शब्दही फारसी वळणाचा, हिंदीच्या वाटेने आलेला आहे. दोन्ही भाषा श्रोत्याला कळत होत्या, म्हणून दोन्हींत पदे झाली. ‘अनुभवसागर भजनावली’, ‘राष्ट्रीय भजनावली’, ‘लहरकी बरखा’ ही नावेच या दुहेरी संसाराची साक्ष देतात.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर मराठी साहित्याचा इतिहास मराठी पदांपुरता उरला आणि हिंदी साहित्याच्या इतिहासाने या कवीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. निम्मा कवी प्रांतरचनेच्या रेषेवर हरवला. भाषावार विद्यापीठीय विभागांची रचना पाहता मराठी विभागाने हिंदी पदांना आणि हिंदी विभागाने मराठी पदांना हात लावू नये, हे नकळत ठरूनच गेले. दोन्ही विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात, ही आणखी एक गंमत.

एकट्याचे गाणे, समूहाची प्रार्थना

अमरावती जिल्ह्यातच, नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या आणि त्यांच्यासाठी सामुदायिक प्रार्थनेची पद्धत घालून देण्यात आली. ओळीत बसणे, ठरलेली वेळ, ठरलेली पदे, सर्वांचा एक स्वर. येथून महाराजांच्या रचनेला दुसरे वळण लागले. एकट्या गायकाच्या पदात आघात असतो, थट्टा असते, श्रोत्याला कोंडीत पकडण्याची चलाखी असते. प्रार्थनेच्या पदात ती चालत नाही. तेथे सगळ्यांना म्हणता येईल असा सपाट, संथ मार्ग हवा असतो. काव्य म्हणून प्रार्थनापदे दुबळी आहेत, असे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही. त्यांत प्रतिमा कमी आणि नामे अधिक : प्रेम, सेवा, सत्य, एकता. पण टिकण्याच्या कसोटीवर हीच पदे सर्वांत बळकट ठरली, कारण ती म्हणण्यासाठी तुकडोजींसारखा गळा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काही पदांबद्दल मात्र असे समर्थन करता येत नाही. श्रमदान, स्वच्छता, अन्नधान्याची वाढ हे विषय सरळ पदात उतरले आणि पद सूचनाफलकासारखे झाले. १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्षपद, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडून ‘राष्ट्रसंत’ हा गौरव, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांसमोर केलेली भजने, या सर्वांतून भजनकाराचा व्याप वाढत गेला, आणि पदांवर राष्ट्राच्या कार्यक्रमाचे ओझेही वाढले. ‘झोपडी’तील वस्तू दिसतात, या पदांतील योजना दिसत नाहीत, त्या ऐकाव्या लागतात. आज जयंती-पुण्यतिथीच्या स्मरणिकांत नेमकी हीच पदे पुढे केली जातात, कारण त्यांतून उद्धृत करण्याजोगा ‘विचार’ चटकन काढता येतो.

याच काळातील एक प्रसंग याच्या उलट दिशेला जातो. १९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला महाराज गेले आणि तेथे त्यांनी खंजिरीवर भजन गायिले. श्रोत्यांपैकी बहुतेकांना शब्द कळणे शक्य नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचला तो ठेका, आवाज आणि गाणाऱ्याचा आवेश. विचारधारेच्या अभ्यासकाला या प्रसंगातून ‘विश्वबंधुत्व’ मिळते. गाण्याच्या अभ्यासकाला यातून एक नेमका प्रश्न मिळतो : शब्द वजा केल्यावर या कलेत काय शिल्लक राहत होते?

त्याचे उत्तर शोधण्याची साधने आहेत. महाराजांच्या मूळ आवाजातील ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि छापील भजनावल्याही आहेत. दोन्ही समोर ठेवून पद कोठे लांबवले, कोणता शब्द गाताना बदलला, ध्रुवपद किती वेळा फिरवले, ठेका कोणत्या कडव्यात चढवला याची नोंद करणे हे काम मराठी, हिंदी आणि संगीत या तीन विभागांनी मिळून करावयाचे आहे. त्याबरोबर पदांचा कालक्रमही लावावा लागेल. १९४२ पूर्वीची खंजिरी आणि प्रार्थनेच्या पद्धतीनंतरची खंजिरी यांत फरक आहे की नाही, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे कर्करोगाने महाराजांचे निधन झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक मौन पाळतात. खंजिरी मात्र थांबलेली नाही. विदर्भात खंजिरी भजनांच्या स्पर्धा होतात, आणि सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात खंजिऱ्या केल्या. सप्तखंजिरी समोर मांडून वाजवली जाते, त्यामुळे वादकाला गाणे थांबवून बोलता येते, विनोद करता येतो, श्रोत्यांना प्रश्न विचारता येतो. खंजिरीच्या भजनात गाडगे महाराजांचे कीर्तन येऊन मिसळले आहे. हातातली खंजिरी जमिनीवर आली तेव्हा पदाची लांबी आणि यमकाची जागा कशी बदलली, हे ऐकण्यासाठी संशोधकाला ग्रंथालयात जावे लागत नाही. सुगीनंतरच्या कोणत्याही महिन्यात एखाद्या गावी रात्रीच्या कार्यक्रमाला बसावे लागते.